वॉल्व्ह गेला तरी चालेल, ब्लॉक राहू दे

चिंचवड

चि. ताईस,


अडकलेली जीप सुरू करायला तिला दोर लावून ट्रॅक्टरनं ओढायचं तुमच्याकडे ठरतंय, असं तुझ्या आईकडून फोनवर कळलं. ते आधी थांबव. ओढल्यावर चाकं फिरतील, गिअर टाकलेला असला तर इंजिनही फिरेल, आणि जे आज नुसतं अडकलेलं आहे ते मोडेल. टॅपेट जाम असताना कॅम जबरदस्तीनं फिरला की कॅमचं नाक खरवडतं. हेडमधला वॉल्व्ह बंद स्थितीत धरलेला असेल तर पुशरॉड वाकतो. टायमिंग गिअरचे दातही जाऊ शकतात. हे सगळं पहिल्या दहा फुटांत होतं, आणि ट्रॅक्टरवर बसलेल्याला त्यातलं काहीही कळत नाही.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून नीट पाहिले. पंख्याचा पट्टा धरून फिरवल्यावर पुली बोटभर फिरते असं तू लिहिलंस, ही चांगली बातमी आहे. म्हणजे पिस्टन सुटे आहेत. अडचण वॉल्व्हच्या बाजूला आहे आणि ती सुटण्यासारखी आहे. तुमच्या गावातल्या मिस्त्रींनी जुनं इंजिन काढून डिझेलचं बसवायला सांगितलं, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पेट्रोल परवडत नाही म्हणून आपल्या भागात कितीतरी जीपना असंच डिझेल इंजिन बसलं. पण ती गाडी रोज पोटासाठी पळवायची होती तेव्हाची गोष्ट. तुला ती जपायची आहे. तेव्हा हिशेब वेगळा करावा लागेल.

तुझ्या आजोबांची जीप म्हणजे उंच बॉनेटची, विलीजच्या सीजे-३बी जातीची, महिंद्रानं परवान्यावर बनवलेली. बॉनेट उंच का, हे कळलं की अर्धं काम समजतं. युद्धातल्या जीपचं इंजिन बसकं होतं. त्याचे सगळे वॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच असत. पुढं त्याच 2199 सीसीच्या ब्लॉकवर नवं हेड आलं. हवा-पेट्रोल आत घेणारे चार वॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि धूर बाहेर टाकणारे चार होते तिथंच, ब्लॉकमध्ये राहिले. इंजिनाची उंची वाढली, म्हणून 1953 साली बॉनेटही वर उचलावं लागलं. या इंजिनाचं नाव हरिकेन. तू कारखान्यात जी इंजिनं पाहतेस त्यांत ही मांडणी तुला कुठंही दिसणार नाही. म्हणून सांगतो, यात दोन वेगळे रोगी आहेत आणि दोघांची औषधं वेगळी आहेत.

आधी अडकतं का, ते समजून घे. चार सिलिंडरांचं इंजिन कुठल्याही ठिकाणी थांबवलंस तरी कुठला ना कुठला वॉल्व्ह उघडाच राहतो. तुमची जीप गोठ्याशेजारी उभी होती. पावसाळ्यात सायलेन्सरच्या नळीतून ओली हवा आत शिरते आणि त्या उघड्या वॉल्व्हपर्यंत पोचते. वॉल्व्हच्या दांड्याचा जो भाग गाईडच्या, म्हणजे दांडा ज्यात सरकतो त्या नळीच्या, वर उघडा पडलेला असतो, त्यावर गंज धरतो. आता स्प्रिंग त्याला खाली ओढायला बघते, पण गंजलेला भाग गाईडमध्ये शिरत नाही. दुसरीकडे, आत घेणाऱ्या वॉल्व्हवर जुन्या पेट्रोलचा चिकटा वाळून लाखेसारखा बसतो. आणि खाली टॅपेटच्या भोवती जुनं इंजिन ऑइल काळं, घट्ट होऊन राहतं. गंज, चिकटा आणि काळं ऑइल, कशानंही अडकलं तरी बाहेरून सारखंच दिसतं, पण एकाला जे सोडवतं ते दुसऱ्याला सोडवत नाही.

आता कामाचं. प्लग काढ आणि चारही भोकांत थोडं थोडं ऑइल सोड. एटीएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचं तांबडं ऑइल, आणि थिनर अर्धं-अर्धं मिसळून घेतलंस तर गंजात चांगलं शिरतं. मात्र हे मिश्रण उघड्यावर वापर. जवळ विडी, शेगडी, वेल्डिंग काही नको. मग त्याला वेळ दे. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर दोन थेंब टाकायचे आणि झाकून ठेवायचं, एवढंच. माझे वस्ताद भोसरी एमआयडीसीच्या जे ब्लॉकात एका शेडमध्ये काम करायचे. ते अडकलेल्या वस्तूला ऑइल लावून ठेवत आणि मग मुद्दाम दुसऱ्या कामाला लागत. आम्ही पोरं अस्वस्थ व्हायचो. त्यांना मात्र पक्कं ठाऊक होतं, की ऑइल आपल्या चालीनं आत जातं, आपण हातोडी उचलल्यानं त्याची चाल वाढत नाही.

हेड उतरवताना एक गोष्ट लक्षात ठेव. या हेडचा एक बोल्ट बाहेरून दिसत नाही. तो कार्बोरेटरच्या खाली, हवा आत जाणाऱ्या तोंडात लपलेला आहे. कार्बोरेटर काढून आत बॅटरी मार, तेव्हा दिसेल. सगळे बोल्ट काढले आणि तरी हेड सुटत नाही म्हणून पटाशी घालून, टॉमी घालून हेड फोडणारे लोक मी पाहिले आहेत. हेड उतरवण्याआधी रॉकरची शाफ्ट काढायची. तिचे नट आळीपाळीनं, थोडे थोडे सैल कर, कारण खालून वॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर असतो. पुशरॉड काढशील तसे एका जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमानं खोच आणि पुठ्ठ्यावर रेडिएटरची बाजू लिहून ठेव. प्रत्येक पुशरॉड, प्रत्येक टॅपेट, प्रत्येक वॉल्व्ह आपल्या जागेशी घासून घासून बसलेला असतो. अदलाबदल झाली की जुनं इंजिन पुन्हा नव्यानं झिजायला लागतं.

हेडमधले चार वॉल्व्ह सोपे आहेत, त्यांच्यावर मी फार लिहीत नाही. हेड बाकावर आलं की थिनरमध्ये भिजतं, चिकटा सुटतो, दांडा गोल फिरवत काढला की निघतो.

खरी परीक्षा ब्लॉकमधल्या चौघांची आहे. इंजिनाच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली एक पत्र्याचं कव्हर आहे. ते काढलं की आत स्प्रिंगा, त्यांच्या खालच्या वाट्या आणि टॅपेट दिसतात. या कप्प्याच्या तळाला ऑइल खाली संपमध्ये जायला भोकं असतात. स्प्रिंगला हात लावायच्या आधी ती भोकं स्वच्छ चिंधीनं बंद कर. वॉल्व्हच्या दांड्याला धरून ठेवणारे लॉक नखाएवढे असतात आणि स्प्रिंग दाबली की उडतात. एक लॉक जरी त्या भोकातून खाली गेला, तर संप उतरवल्याशिवाय पुढचं काम नाही.

तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह तुझ्या फोटोत वर उभा राहिलेला दिसतो आणि त्याचा टॅपेट खाली गेलेला. मध्ये बोटाएवढी फट आहे. याला वरून ठोकून खाली बसवायचा मोह होईल. ठोकू नकोस. वरचा गंजलेला भाग गाईडमध्ये शिरला की तो पाचरीसारखा बसेल. याला बाहेर यायचंय वरच्या बाजूनं. म्हणून आधी कॉम्प्रेसरनं स्प्रिंग दाबून लॉक काढ, स्प्रिंग मोकळी कर. मग दांड्याचं खालचं टोक नीट बघ. लॉक जिथं बसतो त्या खाचेला वर्षानुवर्षांच्या दाबानं कड आलेली असते, अगदी बारीक. बोट फिरवलंस तर टोचेल. ती बारीक कानशीनं घासून काढ आणि दांडा पॉलिश पेपरनं चकचकीत कर. ही कड तशीच ठेवून वॉल्व्ह ओढला, तर ती गाईडला खालपासून वरपर्यंत ओरखडत जाते. वॉल्व्ह निघतो, पण गाईड खराब होतं.

त्यानंतरची युक्ती वस्तादांची. टॅपेट आणि वॉल्व्हचा दांडा यांच्यामध्ये फटीएवढा पितळेचा तुकडा ठेवायचा. पुढून हँडल लावून इंजिन हातानं अगदी सावकाश फिरवायचं. कॅम टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट तुकड्याला आणि तुकडा वॉल्व्हला. सुतभर वर आला की थांबायचं, ऑइल सोडायचं, वॉल्व्हचं डोकं हातानं गोल फिरवून बघायचं. मग जरा जाड तुकडा. स्टार्टर अजिबात लावायचा नाही, कारण स्टार्टरच्या मोटरला हात नसतो. हँडल जड लागलं की तुझ्या मनगटाला लगेच कळेल, आणि कळलं की तिथंच सोडून दे. पुन्हा ऑइल, पुन्हा उद्या. एकदा वॉल्व्ह हातानं फिरायला लागला की समज जिंकलीस. नंतर तो ओढून काढायला लागत नाही, फिरवत फिरवत वर येतो.

तू विचारलंस, गॅसची ज्योत दाखवू का? पद्मिनी मोटारीच्या बाबतीत माझं उत्तर वेगळं असतं. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून हेड तापवलं की त्यात बसवलेलं गाईड सैल होतं. जीपचा ब्लॉक बिडाचा, गाईडही लोखंडी, वॉल्व्ह पोलादी. सगळे साधारण सारखेच फुगतात, त्यामुळे ज्योतीनं फार काही साधत नाही. उलट बीड एकाच जागी तापलं की तडकतं, आणि एक्झॉस्टची सीट आणि सिलिंडर यांच्यामधली भिंत सगळ्यांत आधी तडकते. ऊब द्यायचीच असेल तर सगळ्या भागाला सावकाश दे, हात लावता येणार नाही इतपतच. त्या उबेनं ऑइल पातळ होऊन आत ओढलं जातं, हा फायदा खरा.

आणि समजा, एवढं करूनही एखादा वॉल्व्ह नाहीच निघाला. मग त्याचं डोकं कापून टाक, दांडा गाईडसकट काढ. गाईड काढायच्या आधी ते ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापासून किती खोल बसलंय हे मोजून लिहून ठेव. नवं त्याच खोलीवर बसवावं लागतं. वॉल्व्ह आणि गाईड पुण्यात नाना पेठेत शोधलं तर मिळेल, नाहीतर लेथवर बनवून घेता येईल. ब्लॉक कुठं मिळणार? पूर्वी मी म्हटलं असतं, कुदळवाडीत जा, भंगारात जीपचे ब्लॉक पडलेले असतात. पण 2025च्या फेब्रुवारीत महापालिकेनं कुदळवाडी-चिखलीतली गोदामं आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. कायद्याचा भाग काय तो न्यायालयं बघतील. मला एवढंच दिसतं, की जुन्या गाड्यांचे सुटे भाग जिथं सापडायचे ती जागाच गेली. म्हणून वॉल्व्ह गेला तरी चालेल, ब्लॉक राहू दे.

ब्लॉक जपायचं आणखी एक कारण आहे. 2021 साली केंद्रानं जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये आहे. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल केला असेल तर ती गाडी त्यात बसत नाही. डिझेल इंजिन बसवलंस की तुझ्या आजोबांची गाडी कागदावर उरणारच नाही.

आता टॅपेट. हेच सगळ्यांत जास्त घाबरवतात. या इंजिनाच्या टॅपेटचं खालचं तोंड छत्रीसारखं रुंद असतं, ते भोकातून वर येऊच शकत नाही. म्हणजे वरून पक्कड लावून ओढणं व्यर्थ आहे. ते खालीच उतरतात, आणि तेही कॅमशाफ्ट बाहेर आल्यावर. रेडिएटर, पुढचं कव्हर, टायमिंग गिअर, ऑइल पंप, संप हे सगळं उतरवावं लागेल. गिअरवरच्या खुणा जुळवून फोटो काढून ठेव. कॅम बाहेर ओढताना टॅपेट खाली लोंबले तर कॅम अडतो. त्यावर कंपनीच्या जुन्या मॅन्युअलमध्येच उपाय दिलाय: टॅपेट वर ढकलायचे आणि कपडे वाळत घालायच्या साध्या चिमट्यांनी तिथंच पकडून ठेवायचे. माझ्या शेडमध्ये अशा चिमट्यांचा डबा आजही आहे, तो घेऊन जा. कॅम निघाला की एकेक चिमटा सोडायचा आणि टॅपेट हातात घ्यायचा. जो चिकटून राहील त्याच्याभोवती थिनर सोड. तोंडावर डाग, खड्डे दिसले तर तो टॅपेट परत वापरायचा नाही.

बाकी सोपं आहे. सीट आणि वॉल्व्ह पेस्टनं घासून घ्यायचे, रॉकर शाफ्टमधली ऑइलची भोकं तारेनं साफ करायची, सगळं आपापल्या जागी बसवायचं. थंड इंजिनावर इनटेकला 18 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टला 16 थाऊ फट ठेव. आणि पुढच्या वेळी उभी ठेवशील तेव्हा टाकीत पेट्रोल ठेवू नकोस. आजच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. महिन्यातून एकदा तरी थोडं ताजं पेट्रोल घालून इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालव.

ताई, हे सगळं मी तुला इतक्या बारकाईनं का लिहितोय? तू कारखान्यात जोडणीच्या ज्या ओळीवर उभी असतेस तिथं इंजिन फक्त पुढं सरकतं. नट आवळायचा टॉर्क ठरलेला, सेकंद ठरलेले. आजच्या अनेक इंजिनांत टॅपेटची फट ऑइलच्या दाबानं आपोआप ठेवली जाते, ती कुणी हातानं लावत नाही. काही बिघडलं तर आख्खा जोड बदलतात. मला त्याबद्दल तक्रार नाही. या औद्योगिक पट्ट्यानं आपल्याला पोसलंय. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-भोसरीच्या माळावर शेड उभे राहिले, आणि त्यातल्याच एका शेडमध्ये मला हातोडी धरायला शिकवलं गेलं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजची जीप जोडणारी कंपनी आज तुमच्या चाकणलाच गाड्या बनवते. तुमची कांद्याची जमीन तिथल्याच औद्योगिक वसाहतीच्या विस्तारात गेली, आणि कांदे बाजारात नेणारी जीप मात्र राहिली.

पण या सगळ्या पट्ट्यात नवं इंजिन जोडायला हजारो हात शिकवले जातात आणि अडकलेलं सोडवायला जवळपास कुणीच शिकवत नाही. आयटीआयच्या पोरांना वॉल्व्ह काढायला देतात तो रोज काढलेला, ऑइल लावलेला असतो. तिथं धीर शिकायची गरजच पडत नाही. हे काम येणारे मिस्त्री भोसरीत, चिंचवडला, नाना पेठेत अजून आहेत, पण ते माझ्या वयाचे आहेत आणि त्यांच्या शेडमध्ये हाताखाली पोरं नाहीत. त्यांच्या बोटांत जे आहे ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. मॅन्युअल लिहिणाऱ्यानं धरून चाललेलं असतं की वॉल्व्ह फिरतोय. हे ज्ञान गेलं तर ते आपल्या निष्काळजीपणामुळं जाईल, असं माझं स्पष्ट मत आहे. तू इंजिनिअर आहेस, तुझे हात चांगले आहेत, आणि तुझ्याकडं जीप आहे. याहून चांगली शाळा तुला मिळणार नाही.

गुरुवारी तुमच्याकडंही सुट्टी आणि भोसरीलाही. दर गुरुवारी मी शेडमध्ये असतो. हेड उतरवायच्या दिवशी मी स्वतः तुमच्याकडं येईन. तुझ्यासोबत ओळीवर काम करणाऱ्यांपैकी ज्यांना हौस आहे अशा दोघा-तिघांना बोलावून ठेव, एकटीनं करू नकोस. त्यांनाही हात लावू दे. तोवर रोजचं ऑइल चुकवू नकोस, आणि आरसी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून मला कळव.

तुझा,
मामा